मदत हवी आहे: थर्मल कॅमेऱ्याच्या जर्मेनियम काचेवर पाणी थांबू नये म्हणून काय लावावं?

रत्नागिरीजवळ समुद्रापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर आमचा थर्मल कॅमेरा खांबावर बसवलाय. पुढे ५० मिमी व्यासाची जर्मेनियमची खिडकी आहे. बाहेरून डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचा कठीण थर), आतून एआर (परावर्तन कमी करणारं) कोटिंग. कॅमेरा पाहतो तो अवरक्त तरंगलांबीचा पट्टा ८ ते १२ मायक्रॉन.

पाऊस लागला की थेंब काचेवर चिकटून बसतात आणि चित्रात नुसते गोल डाग. पाणी या पट्ट्यात उष्णता जवळजवळ पूर्ण शोषतं, त्यामुळे चित्र झाकायला पातळ थरही पुरतो. वर खारं वारं. थेंब वाळला की मिठाची पांढरी कडा उरते, आणि ती पुसताना चरे पडतील ही धास्ती वेगळीच.

लांब हूड लावून पाहिलं, वारा आडवा असला की उपयोग शून्य. गाडीच्या काचेवरचं सिलिकॉनवालं लिक्विड सुट्या खिडकीवर लावलं. थेंब ओघळले खरे, पण चित्र मंदावलं. सिलिकॉन-ऑक्सिजन बंध ९-१० मायक्रॉनला शोषतो, म्हणजे चूक माझीच. फ्लोरोपॉलिमरचा (टेफ्लॉनसारख्या प्लास्टिकचा) जाड थरही नको, तो ८ च्या आसपास शोषतो.

वायपरला जागा नाही, थर चढवायला व्हॅक्यूम चेंबर नाही, आणि खिडकी सीलसकट असल्याने ८० अंशांच्या वर तापवता येत नाही.

फ्लोरोसायलेनचा (पाणी झटकणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनाचा) काही नॅनोमीटरचा थर शोषणात नगण्य ठरावा. पण डीएलसीवर त्याला धरायला हायड्रॉक्सिल (OH) गट, म्हणजे ज्यांच्याशी सायलेनचा रासायनिक बंध जुळतो ते, फारसे नसतात. डीएलसीला धक्का न लावता पृष्ठभाग तयार कसा करायचा? आणि कोणी प्रत्यक्ष लावला असेल तर खाऱ्या हवेत तो किती महिने टिकला?