वाळीत टाकतात, पण सगळ्यांना नाही
वर कुणीतरी लिहिलंय की रमस्प्रिंगामधून (साधारण सोळाव्या वर्षापासून पोरांना मिळणारा मोकळीकीचा काळ) जो परत येत नाही त्याला आमिश लोक (अमेरिकेतला, गाड्यांसारख्या आधुनिक गोष्टींपासून लांब राहणारा ख्रिस्ती पंथ) वाळीत टाकतात. टाकतात, पण बाप्तिस्मा घेऊन, म्हणजे पंथात राहायचा शब्द देऊन, मग सोडून जाणाऱ्याला. ज्याने बाप्तिस्माच घेतला नाही त्याने शब्द मोडला असं होत नाही ना, मग आईबापांना कितीही वाईट वाटलं तरी बहुतेक ठिकाणी तो घरी येऊन सगळ्यांसोबत जेवायला बसू शकतो. म्हणून तर बाप्तिस्मा लहानपणी देत नाहीत, साधारण १८ ते २२च्या दरम्यान घेतात, आणि त्याआधी १६३२च्या डॉर्ड्रेख्तच्या (हॉलंडमधलं शहर) धर्मजाहीरनाम्याची, म्हणजे पंथाच्या श्रद्धा मांडणाऱ्या मजकुराची, १८ कलमं शिकवतात.

आणि लग्नाचं इथे कुणी बोललंच नाही! दोघांचाही बाप्तिस्मा झाल्याशिवाय समाजात लग्न लागत नाही, त्यामुळे पोरं परत येतात त्यात प्रेमप्रकरणांचा वाटा मोठा असणार असं मला तरी वाटतं (टीव्हीवाल्यांना फक्त बिअर आणि गाड्या दिसतात). पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरकडे लग्नं पिकं निघाल्यावर, जास्त करून नोव्हेंबरात, तीही मंगळवारी नाहीतर गुरुवारी, आणि जेवणात सेलरी हवीच, म्हणून कुणाच्या परसात यंदा जरा जास्तच सेलरी दिसली की शेजारीपाजारी ओळखतात, इथे बार उडणार.