[सभासद] पाडव्याचं पोस्टर: क्यूआर स्कॅन करू नका!!

प्रेषक: खजिनदार

मंडळी,
इथे ऑस्टिनमध्ये ग्रोसरीच्या दारावर आणि देवळाच्या बोर्डावर लावलेल्या, आपल्या मंडळाच्या पाडव्याच्या पोस्टरवरचा क्यूआर कुणीही स्कॅन करू नका. काल रात्रीपासून तो आपल्या तिकिटांच्या पानाऐवजी भलतीकडेच नेतोय. आधी जाहिरात येते, मग "पुढे जाण्यासाठी कार्डाचा तपशील भरा". एका वहिनींनी अर्धा नंबर टाकल्यावर मला फोन केला, म्हणून कळलं. कुणी पूर्ण भरला असेल तर आजच्या आज बँकेला फोन करून कार्ड बंद करा, उद्यावर टाकू नका.
तिकिटं फक्त आपल्या साइटवरून. मी नव्या कोडचे स्टिकर छापून घेतो, जुन्यावर चिकटवू. वडापावची ऑर्डर गुरुवारी द्यायची आहे, अजून निम्म्या घरांचा आकडा नाही.

रे: प्रेषक: पोस्टर समिती

खजिनदारसाहेब, लिस्टवर टाकण्याआधी मला एक फोन केला असता तर बरं झालं असतं. कोड मी केला आहे आणि छापण्याआधी चार फोनांवर तपासलाय, दोन आयफोन, दोन अँड्रॉइड. मधोमध गुढी टाकली म्हणून बिघडला का? गेल्या वर्षी गणपतीलाही मध्ये मोदक होता, तेव्हा चालला होता. 60 प्रती रंगीत छापल्या आहेत, कृपया कुणी परस्पर काढू नका.

रे: रे: प्रेषक: काका (राउंड रॉक)

गुढीचा दोष नाही. चाकणला असताना पार्टच्या पेट्यांवर हेच चौकोन रोज बघितलेत. डेन्सो वेव्ह या जपानी कंपनीने 1994 साली ते गाड्यांच्या पार्टसाठीच काढले. पेटीवर तेलाचे डाग पडले तरी वाचता यावेत म्हणून त्यात जादा माहिती घातलेली असते, तिच्यावरून गेलेला भाग हिशोबाने परत काढता येतो. सगळ्यात पक्क्या प्रकारात तीसेक टक्के भाग गेला तरी फोन वाचतो. गुढी त्यात सहज मावते.
घोळ झालाय तो वाटेत. ताई, कोड फुकटच्या साइटवर केलात ना? अशा बऱ्याच साइट कोडमध्ये आपल्या साइटचा पत्ता घालतच नाहीत, स्वतःचा घालतात, आणि तिथून आपल्याकडे वळवतात. मुदत संपली की वळवणं बंद. चार फोनांवर तपासलात तेव्हा मुदत चालू होती. पुढच्या वेळी "स्टॅटिक" कोड करा, त्यात आपलाच पत्ता असतो, तो कधी मरत नाही. आणि तपासताना पान उघडतंय का एवढंच बघू नका. कॅमेरा धरला की लिंकची पट्टी येते, तीत मंडळाचं नाव आहे का ते वाचा.

रे: रे: रे: प्रेषक: सीडर पार्कहून

स्टिकर नको!! याला माझा ठाम विरोध आहे.
आपल्याच गावातली गोष्ट आहे. 2022 च्या जानेवारीत ऑस्टिनमध्ये 29 पार्किंग मीटरवर खोटे क्यूआर सापडले, त्याच्या आधीच सॅन अँटोनियोत शंभरावर. लोकांनी पार्किंगचे पैसे समजून कार्ड नंबर भरले. ते सगळे स्टिकरच होते. तेव्हापासून मी मुलांना शिकवलंय की कोडवरून नख फिरवायचं, कड लागली तर फोन खिशात. आता मंडळच कोडावर कोड चिकटवणार असेल तर मुलांना काय सांगू? उद्या त्यावर कुणी तिसरा चिकटवला तर ओळखायचा कसा?

रे: रे: रे: रे: प्रेषक: पोस्टर समिती

मग 60 प्रती पुन्हा छापायचे पैसे कोण देणार? पहिल्या मी माझ्या खिशातून दिलेत, पावती अजून खजिनदारांकडेच आहे.

प्रेषक: प्लूगरव्हिलहून

कोडवरून आठवलं. पुण्यात माझ्या मामांनी जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला. घेणारा म्हणाला, सैन्यात आहे, बदली झालीय, कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. मामांनी टाकला आणि खात्यातून नऊ हजार गेले. बँकेतून रिटायर झालेला माणूस! यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही, कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जाणारच. ज्यांचे आईवडील तिकडे आहेत त्यांनी आजच्या फोनवर हे सांगा.

रे: प्रेषक: खजिनदार

वाईट वाटलं, पण आपल्याकडे यूपीआय नाही, झेल (Zelle, इथल्या बँकांची थेट पैसे पाठवायची सोय) आहे. कोड कुठलाही असो, पैसे पाठवण्याआधी समोर येणारं नाव वाचा. मंडळाचं नसेल तर थांबा. एकदा गेलेले सहसा परत मिळत नाहीत.

रे: रे: प्रेषक: सीडर पार्कहून

विषय निघालाच आहे तर अजून एक. गणपतीत नोंदणीच्या टेबलावर हॉलचा लॅपटॉप होता, त्यावर मी कोड स्कॅन करून व्हॉट्सअॅप उघडलं होतं. काल सेटिंगमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस बघितलं तर "विंडोज" अजून तिथे! म्हणजे तो लॅपटॉप उघडणाऱ्याला माझे निरोप दिसू शकतात. लगेच लॉग आउट केलं. त्या दिवशी टेबलावर बसलेल्या प्रत्येकाने तपासा. आणि दुसऱ्याने पाठवलेला असा कोड कधीच स्कॅन करू नका, तुमचं खातं त्याच्या कॉम्प्युटरवर उघडेल.

प्रेषक: नवीन सभासद

नमस्कार. मेलमध्ये आलेलं पोस्टर मी लॅपटॉपवर बघते आहे. कोड स्कॅन कसा करायचा?

रे: प्रेषक: काका (राउंड रॉक)

करूच नका, बेटा. मेलमध्ये कोड लागतोच कशाला, साधी लिंक देता येते. ऑफिसच्या मेलमध्ये तर जास्तच जपा. चोर मुद्दाम कोड पाठवतात, म्हणजे तुम्ही ऑफिसचा राखणीतला कॉम्प्युटर सोडून स्वतःचा फोन उचलाल. सचिव, पोस्टर कोड काढून पुन्हा पाठवा.

प्रेषक: खजिनदार

स्टिकर रद्द. ताईंची पावती मंजूर, चेक शनिवारी. पोस्टर राहू देत, फक्त कोडवर फुली मारू आणि खाली साइटचा पत्ता ठळक लिहू.

रे: प्रेषक: काका (राउंड रॉक)

नुसती फुली मारू नका, फुलीतूनही फोन वाचेल. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन मार्करने पूर्ण काळे करा, त्यांच्यावरूनच फोन कोड शोधतो. मी आत्ता ग्रोसरीच्या दारावर करून आलो. तीन फोन धरून बघितले, एकालाही वाचता आला नाही. देवळातलं कोण करतंय? आमचे वडापाव चार.