मदत हवी आहे: बाबांच्या तळव्याची जखम भरत नाही, प्लास्टरचा कुणाला अनुभव?

बाबांना मधुमेह जुना. उजव्या चवड्यावर, अंगठ्याच्या बुडाशी बटणाएवढी जखम आहे, कडेला जाड पांढरट घट्टा. ड्रेसिंग नियमित चालू, अँटिबायोटिक्स घेऊन झाली, शुगरही आता आटोक्यात. तरी जखम जरा आकसते आणि पुन्हा होती तेवढी होते.

मुळात तिथे दुखतच नाही. नर्स चिमट्याने आतून पुसते तेव्हाही बाबा निवांत पेपर वाचत असतात. स्पर्श कळतो का पाहायला 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉन तंतू टेकवून पाहिला, चवड्यावर कुठेच कळला नाही. मग दिवसभर त्याच पायावर फिरतात, कितीही विनवा.

नव्या डॉक्टरांनी घट्टा तासला तर खाली जखम दिसत होती त्याहून मोठी निघाली. म्हणाले, मलमं बदलून उपयोग नाही, भार काढायला हवा. पायाचा रक्तपुरवठा तपासून झाला, तो ठीक आहे. आता गुडघ्यापर्यंतचं, घरी न काढता येणारं प्लास्टर घालायचं म्हणतात. बाबांना काढता येणारा बूट हवाय. चालेल का? आणि आत जखम चिघळली तर कळणार कसं?

प्रतिसाद १
आईला हेच प्लास्टर घातलं होतं, भरली जखम. बूट घरात काढून ठेवला जातो, तिथेच सगळं फसतं. पण आधी एक विचारा: जखमेत बोथट सळई घालून हाड लागतं का पाहिलंय? लागलं तर हाडात संसर्ग असू शकतो. आणि तसा संसर्ग असला तरी पहिले 2-3 आठवडे एक्स-रे साफ येऊ शकतो. संसर्ग जोरात असेल तर सहसा प्लास्टर घालतच नाहीत.

प्लास्टर असताना ताप, दुर्गंधी, बाहेर ओल, जांघेत अवधाण (दुखरी गाठ) किंवा कारण नसताना शुगर वर, यांतलं काहीही दिसलं तर लगेच उघडून घ्या, ठरलेल्या तारखेची वाट नको. 4 आठवड्यांत जखम निम्म्याने लहान झाली नाही तर उपचार नव्याने तपासायला सांगा. दुसऱ्या पायाची चप्पल तेवढीच उंच करून घ्या, नाहीतर तोल जातो. आणि भरल्यावरही खास पादत्राणं सोडू नका, वर्षभरात साधारण 40 टक्के जणांना जखम पुन्हा होते.

धागाकर्ती
खूप आभार. सळईचं कुणी बोललंच नव्हतं, उद्याच विचारते. आईंना अंघोळीच्या वेळी प्लास्टर कोरडं कसं ठेवलंत?