आईचा आरोग्यविम्याचा क्लेम नाकारला : आधी विमा लोकपाल की थेट ग्राहक आयोग?

नमस्कार मंडळी. साताऱ्याहून लिहितोय. वकिली करणाऱ्यांनी कृपया वेळ काढून वाचावं.

आईची (वय ६३) पॉलिसी जून २०२१ पासून सलग चालू आहे, एकही हप्ता चुकलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये रात्री दोनला तिच्या छातीत दुखायला लागलं आणि पहाटे अँजिओप्लास्टी झाली. बिल ४,३८,००० रुपये. कॅशलेस (कंपनीनं हॉस्पिटलला थेट बिल देणं) नामंजूर झालं, म्हणून नातेवाइकांकडून पैसे उभे केले आणि नंतर क्लेम लावला. मार्चमध्ये नकाराचं पत्र आलं : बारा वर्षांपासूनचा रक्तदाब प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जात, लपवला.

आधार काय, तर डिस्चार्ज समरीतली एक ओळ. ती ओळ माझ्यामुळे पडली आहे. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं, "बीपी आहे का?" मी घाबरलेलो. म्हणालो, "घरात बारा वर्षं बीपीच्या गोळ्या आहेत." त्या बाबांच्या. आईची पहिली गोळी २०२३ च्या दिवाळीनंतरची, आमच्या डॉक्टरांची ती चिठ्ठी माझ्याकडे आहे. एका वाक्यानं आईच्या हक्काचे पैसे अडकले, ही गोष्ट मनातून जात नाही.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहून झालं. उत्तर : आधीचा निर्णय कायम.

मी जमेल तेवढं वाचलंय. पॉलिसीचे सलग ६० महिने झाले की फसवणूक सोडून इतर कारणानं क्लेम नाकारता येत नाही, पण आमचे ४३ च होतात. सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकालही वाचला : पाठदुखी सांगितली नव्हती, पण मृत्यू हृदयविकारानं झाला, संबंध नाही म्हणून आयुर्विम्याची रक्कम द्यायला लावली. आमच्याकडे मात्र रक्तदाबाचा हृदयाशी संबंध नाही असं कोण म्हणेल?

मग कुठे जावं, विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) की ग्राहक आयोगात? आणि ती नोंद दुरुस्त करून घ्यायला हॉस्पिटलकडे गेलो, तर मागाहून कागद तयार केला असं दिसेल का?

प्रतिसाद :

दादा, आधी स्वतःला दोष देणं थांबवा, अशा नोंदी रोज पाहतो. २०१५ चा निकाल तुमच्या उपयोगाचा नाही, हे बरोबर ओळखलंत. त्याची गरजही नाही. तुमचा मुद्दा वेगळा आहे : जून २०२१ मध्ये आजार नव्हताच, मग लपवलं काय? आजार आधीपासून होता हे सिद्ध करायचं ओझं कंपनीवर असतं. त्या काळातली चिठ्ठी, तपासणी, औषधाचं बिल यातलं काहीच नसताना नुसत्या आजाराच्या पूर्वेतिहासाच्या नोंदीवर क्लेम नाकारला, तर ग्राहक आयोग सहसा ते मान्य करत नाहीत.

जुन्या नोंदीत खाडाखोड अजिबात करून घेऊ नका. हॉस्पिटलकडून इनडोअर केस पेपरची (दाखल असतानाच्या नोंदींची) पूर्ण प्रत अर्ज करून घ्या. माहिती कोणी दिली हे तिथे बहुतेक लिहिलेलं असतं. 'माहिती देणारा : मुलगा' एवढे शब्द सापडले तरी खूप झालं. फॅमिली डॉक्टरांचं पत्र आणि तुमचं प्रतिज्ञापत्र आजच्या तारखेचंच असू द्या. कंपनीकडून भरलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत मागा, प्रश्न नेमका कसा विचारला होता ते आम्ही सर्वात आधी बघतो. नकाराचं पत्रही जपा. त्यात नसलेलं नवं कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही.

कुठे जायचं, तर आधी लोकपाल. तुमच्यासाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील चालत नाही, मर्यादा ५० लाख. कंपनीनं नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज हवा. निवाडा कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही, त्यामुळे आयोगाचा रस्ता खुला राहतो. उलटं केलंत, म्हणजे आधी आयोगात गेलात, तर लोकपाल अर्ज घेत नाहीत. फक्त आयोगाची दोन वर्षांची मुदत डोळ्यासमोर ठेवा. तिथे जिल्हा की राज्य हे भरलेल्या हप्त्यावर ठरतं, म्हणजे जिल्हा आयोगच, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य.

धागाकर्ता :

खूप आभार. केस पेपरसाठी उद्या सकाळीच अर्ज देतो. एकच शंका राहिली : फॉर्म एजंटनं भरला होता, आईनं फक्त सही केली. हे लोकपालांना सांगावं का?

प्रतिसाद :

खरं आहे ते सांगा, पण त्यावर भिस्त ठेवू नका, सही आईची आहे. २०२३ ची चिठ्ठी सगळ्यात वर लावा.