सामाईक, भिशी की पैरा? खेळातल्या मधल्या डब्याला मराठीत काय म्हणायचं

फाशांचा रविवार (टिळकवाडी, बेळगाव)
टेबलाभोवती बसून एकेक पात्र रंगवत खेळायच्या रोलप्लेइंग खेळांचे नियम मी आमच्या गटासाठी मराठीत उतरवतो. निम्मी पोरं मराठी शाळेतली, एक दोस्त कन्नड माध्यमातला. नियमांचं जाड पुस्तक कुणी उघडत नाही, म्हणून खेळाआधी प्रत्येकाच्या हातात एका पानाचा कागद देतो. सध्या स्टार ट्रेक अ‍ॅडव्हेंचर्स हा खेळ चालू आहे. त्यात मोमेंटम असतं. फाशांवर एखाद्याला गरजेपेक्षा जास्त यश पडलं तर उरलेलं सगळ्यांच्या मधल्या डब्यात टाकता येतं. डब्यात जास्तीत जास्त 6 मावतात आणि एक प्रसंग संपला की 1 आपोआप कमी होतो. कुणीही त्यातून जादा फासे घेऊ शकतो: पहिल्या फाशाला 1, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 3.

कागदावर मी लिहिलं होतं, ‘मोमेंटम हा गटाचा सामाईक साठा आहे. तो कोणीही खर्च करू शकतो.’ परवा आमच्या इंजिनीअरनं एक दार उघडायला दोन जादा फासे घेतले आणि डब्यातले होते नव्हते ते तिन्ही संपवले. डॉक्टरचं पात्र करणारी मुलगी खवळली. ‘सामाईक लिहिलंस ना? मग न विचारता हात कसा लावला?’ तो म्हणाला, ‘कोणीही खर्च करू शकतो असंही लिहिलंय.’ दोघांनीही कागदावर बोट ठेवून दाखवलं आणि खेळ तिथंच अडला.

नुसतं इंग्रजीतलं ‘पूल’ लिहावं तर मार्कंडेय नदीवरचा पूल डोळ्यांपुढं येतो. तर दोन गोष्टी सांगा: त्या डब्याला शब्द कोणता, आणि त्यातून घेण्याला क्रियापद कोणतं?

शब्दव्रती
‘समूहनिधी’ हा नेमका आणि रुळायला सोपा शब्द आहे. क्रियापद ‘व्यय करणे’. पात्राकडं असतील ती ‘संसाधने’, गटाकडं असेल तो ‘निधी’. खेळ परदेशी आहे म्हणून भाषाही उसनी घ्यायला हवी असं नाही.

अनगोळ नाका
निधी म्हटलं की आमदार निधी आठवतो, तो तर कुणाच्या हाताला लागत नाही. आणि समोर राक्षस उभा असताना ‘मी दोन व्यय करतो’ कोण म्हणणार? आमची पोरं ‘दोन उडवालोय’ म्हणतात. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की गेले, परत येणार नाहीत. डब्याला सरळ ‘फंड’ म्हणा. गल्लीतल्या गणपतीचा फंड सगळ्यांना ठाऊक असतो.

खानापूरवाली
त्या डॉक्टर मुलीची बाजू मला पूर्ण पटली. ती माझ्या तालुक्यातली असेल तर नवल नाही. आमच्याकडं ‘सामाईक’ हा शब्द पुस्तकातला नाही, विहिरीवरचा आहे. आमची विहीर तीन चुलतघरांत सामाईक. पाणी सगळ्यांचं, म्हणून कुणीही कधीही मोटर चालू करावी असं कधीच नसतं. पाळी लावलेली असते, थ्री फेज कधी येते त्यावर ती ठरते, आणि रात्रीची पाळी आली तर रात्री उठून जायचं. पाळी सोडून कुणी चाक फिरवलं तर सकाळी अंगणात बोलणी बसते. सामाईक जमीन विकायची तर घेणारा माणूस घरातल्या सगळ्यांच्या सह्या मागतो. म्हणजे ‘सामाईक’ ऐकल्यावर आमच्या मनात आधी येते ती विचारपूस, हक्क त्याच्या मागून. शहरात वाढलेल्या माणसाला तोच शब्द ‘सगळ्यांसाठी खुलं’ असा ऐकू येतो. तुमच्या दोन वाक्यांतलं पहिलं गावचं झालं आणि दुसरं शहरचं.

फाशांचा रविवार
अक्का, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. इंग्रजी नियमात कुणीही घ्यावं असंच आहे, परवानगीची अट नाही. आमच्यातले बरेच जण विचारून घेतात, खरं ती झाली टेबलाची रीत. नियम वेगळा.

निपाणीचा डीएम
इथंच थोडं थांबा, डीएम म्हणजे खेळ चालवणारा म्हणून सांगतो. सगळ्या खेळांना एकच शब्द शोधालाय म्हणून अडलाय. प्रत्येक खेळात मालकी वेगळी आहे. डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स) 2014 च्या नियमांत इन्स्पिरेशन असतं, म्हणजे चांगल्या खेळाचं बक्षीस. ते ज्याचं त्याचं, एका वेळी एकच, साठवून ठेवता येत नाही. खरं आपल्याकडचं दुसऱ्या खेळाडूला देऊन टाकता येतं. 2024 च्या नियमांत तर आपल्याकडं एक असताना दुसरं मिळालं की ते ज्याच्याकडं नाही त्याला देता येतं. सॅव्हेज वर्ल्ड्समधल्या बेनी (फासे पुन्हा टाकायला वापरायची टोकनं) प्रत्येकाच्या स्वतःच्या, खेळ सुरू होताना साधारण 3. दुसऱ्याला द्यायच्या तर पात्राकडं त्यासाठीची खास खुबी लागते. टीएसआर कंपनीच्या 1984 च्या मार्व्हल सुपर हीरोजमध्ये ‘कर्मा’ होतं. फाशाचा आकडा वाढवायला तेच खर्चायचं आणि पात्र पुढं न्यायलाही तेच, आणि गटाला वाटलं तर सगळ्यांचं कर्मा एकत्र ठेवायची सोय होती. नायकानं कुणाचा जीव घेतला की त्याचं कर्मा साफ.

तेव्हा ज्याचं त्याचं असेल तिथं ‘शिल्लक’, देता येत असेल तिथं ‘उसनं’ किंवा ‘हातचं देणं’, आणि मधल्या डब्याला आणखी वेगळा शब्द. एका शब्दात सगळं कोंबलं की टेबलावर भांडणं होणारच.

अनगोळ नाका
कर्म खर्च करायचं! आमची आजी ‘भोग माझ्या कर्माचे’ म्हणायची. कर्म भोगून सरतं, देऊन टाकता येत नाही. मराठीत तो शब्द तसाच ठेवला तर अर्थच उलटा होतो.

शहापूर पेठ
मधल्या डब्याला ‘भिशी’ म्हणा. आमच्या साडीच्या धंद्यात अर्धी उलाढाल भिशीवर चालते. सगळे घालतात, एक उचलतो. ‘भिशी उचलली’ म्हटलं की कुणालाच फोड करून सांगावं लागत नाही. आणि हा शब्द मुळात वीस जणांची ‘बिशी’ यावरून आला असं मी ऐकलंय.

निपाणीचा डीएम
भिशीत प्रत्येकाची पाळी येतेच, आणि एकदा उचलली की पुढचे हप्ते चुकत नाहीत. मोमेंटममध्ये एकजण रोज उचलेल आणि दुसऱ्याला कधीच मिळणार नाही. शब्द घेतला की त्याच्या मागून त्याचा नियमही येतो. भिशी लिहा, दुसऱ्या दिवशी कुणीतरी ‘माझी पाळी कधी?’ विचारेल.

शब्दव्रती
‘वीसवरून बिशी’ याला आधार काय? आमच्या आजोबांच्या बोलण्यात भिशी म्हणजे चारजणांनी शिधा घालून एकत्र केलेला स्वयंपाक. शिकायला परगावी राहिलेली मुलं ‘भिशीत जेवतो’ म्हणायची. पैसा नंतर आला, आधी ताट होतं.

शहापूर पेठ
ताट का असेना, एकत्र घालायचं आणि वाटून घ्यायचं हेच ना? माझं म्हणणं तिथंच आहे.

गोवावेस
मी या गटातला कन्नड माध्यमातला दोस्त. मराठी बोलतो, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या. मला ‘भिशी’ कानावर आली की ‘बिसी’ ऐकू येतं, म्हणजे गरम. पण मला वेगळंच सांगायचं आहे. आमच्यात ‘मुय्यी’ म्हणतात. लग्नात कुणी आहेर केला तर तो मुय्यी, त्यांच्या घरच्या लग्नात तेवढा परत करायचा. शेतात एकमेकांकडं कामाला जातात ते मुय्याळू. कागद वाचताना मला वाटलं होतं की डब्यातून तीन घेतले तर तीन परत भरायचे. तो नियम खरंच नाही काय?

फाशांचा रविवार
नाही रे, परत भरायचं नसतं. डबा रिकामा असेल तर मात्र खेळ चालवणाऱ्या चालकाच्या हातात थ्रेट, म्हणजे धोक्याचे गुण, देऊन फासे घेता येतात. ते देणं पुढं चालक आपल्यावरच उलटवतो.

खानापूरवाली
मुय्याळू म्हणजे आमचा पैरा! आज आम्ही चौघं तुमच्या रोपलावणीला, उद्या तुम्ही चौघं आमच्या. पैसे नाहीत, माणसाला माणूस. पैरा फेडायला घरचा माणूस आजारी असला तर मजूर लावून तरी पाठवतात, कारण पैरा बुडवला हे बोलणं गावात फार लागतं. आणि रविवारदादा, तुमच्या त्या थ्रेटला हाच शब्द बसतो. चालकाशी केलेला पैरा: आज फासे घेतले, पुढं फेडायचं.

चंदगडी
पैरा माणसांचा. बैलांचा असतो तो वारंगुळा. एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक, जोडून औत करायचं. दिवस वाटून घ्यायचे. दोघांपैकी एकाचाच बैल रोज राबवला तर वारंगुळा मोडतो. तुमच्या इंजिनीअर-डॉक्टरच्या भांडणात मला तेच दिसतंय. यश पाडणारा एक, वापरणारा दुसरा.

शब्दव्रती
पैरा, वारंगुळा हे अस्सल आणि सुंदर शब्द आहेत, त्यांना माझा विरोध असायचं कारण नाही. पण मग ‘खर्च’ का चालतो? तो फारसी-अरबीतून आला.

अनगोळ नाका
जमा, बाकी, खर्च तिन्ही तिकडूनच आले. ते काढून टाकले तर आमच्या दुकानाच्या वहीत नुसत्या रेघा राहतील. चार पिढ्या ज्या शब्दात हिशेब केला तो परका कसा?

शब्दव्रती
परका म्हटलं नाही. पर्याय असताना तो वापरावा एवढंच म्हणतो. सीमेवर राहून मराठी टिकवायची तर रोजच्या शब्दांबद्दल जास्तच दक्ष राहावं लागतं. पाटीवर, पावतीवर, कचेरीत मराठी कमी होत चालली आहे. खेळात तरी ती पुरती असावी.

खानापूरवाली
दक्ष राहूया की. खरं त्यासाठी संस्कृतातून नवीन शब्द घडवायच्या आधी शिवारातले विचारा. माझ्या आईला ‘समूहनिधी’ समजावून सांगावा लागेल. ‘पैरा’ म्हटलं तर ती मलाच चार नियम सांगेल.

निपाणीचा डीएम
क्रियापदाकडं कुणी बघालंय काय? ‘खर्च’ला ‘मोडणे’ हा पर्याय सुचवतो. ठेव मोडतात, सोनं मोडतात. मोडताना माणूस घरात चार जणांना विचारतोच. ‘डब्यातले दोन मोडतो’ म्हटलं की हातही थोडा आखडतो. शिवाय सुटे करायला नोट मोडतात, तेव्हा एक मोठी गोष्ट देऊन लहान फासे घेणं यातही आलं.

गोवावेस
‘दोन मोडतो’ ऐकून मी फासेच मोडतोय असं समजलो असतो.

शहापूर पेठ
चिन्नीदांडू (विटीदांडू) खेळताना गडी बाद झाला की दुसरा त्याच्या वाटणीचा डाव खेळायचा आणि त्याला परत उठवायचा. त्याला तुम्ही काय म्हणत होता? आम्ही ‘जीव देणं’. तुमच्या इन्स्पिरेशनला तो शब्द चालेल की.

अनगोळ नाका
जीव देणं कबड्डीत. चिन्नीदांडूत आम्ही ‘उठवणं’ म्हणायचो.

शहापूर पेठ
वडगावात ‘जीव देणं’च. विचारून बघा.

फाशांचा रविवार
येत्या खेळाआधी कागद छापायचा आहे हो. आतापर्यंतचं धरून असं लिहिलं तर? ‘मोमेंटम हा गटाचा फंड. घेण्याआधी टेबलाला सांगायचं, परवानगी लागत नाही. घेतलेलं परत भरायचं नाही. फंड रिकामा असेल तर चालकाशी पैरा.’ ‘सामाईक’ मी काढून टाकलाय. डॉक्टरला आणि इंजिनीअरला दोघांनाही वाचून दाखवलं, ‘सांगायचं’ म्हणजे फासे टाकायच्या आधी की नंतर, यावर ते आता अडलेत.

खानापूरवाली
आधी. सांगणं म्हणजे आधीच. आणि पैरा हा शब्द पेरणीवरून आला असावा असं मला वाटतं, आमच्याकडं तो पेरणीच्या कामालाच जास्त वापरतात.

चंदगडी
पेरणीवरून नसावा. आमच्याकडं मळणीला आणि घर शाकारायलाही पैरा करतात. फेरा, पाळी, अशा वळणाचा शब्द वाटतो मला तो.

खानापूरवाली
घर शाकारायला पैरा? आमच्याकडं त्याला नुसतं ‘मदतीला जाणं’ म्हणतात. चंदगडात नेमकं कुठल्या बाजूला हे ऐकलंत? तिलारीकडं की तुडयेकडं?

चंदगडी
तुडयेकडं. आणि वारंगुळा तुमच्या बाजूला कोण म्हणतं का अजून, ते सांगा. आमच्यात ट्रॅक्टर आल्यापासून म्हाताऱ्यांच्या तोंडीच उरलाय.