पॉम्पेब्लेड: बदाम, कमळपान की कुमुदपर्ण?

प्रश्न
नेदरलंड्समधल्या फ्रिसलंड प्रांताच्या झेंड्यावर सात लाल 'पॉम्पेब्लेड' आहेत. मराठीत (पत्त्यातला) 'बदाम' लिहू की 'कमळपान'? तिथल्या गावांच्या ढाली (म्हणजे ढालीच्या आकाराची गावचिन्हं) आणि झेंडे यांची वर्णनं मराठीत करायची आहेत, त्यासाठी शब्द हवा.

उत्तर
दोन्ही नको. फ्रिजियन, म्हणजे फ्रिसलंडच्या भाषेत 'ब्लेड' म्हणजे पान. हे पान पिवळ्या पाणलिलीचं, शास्त्रीय नाव न्यूफार ल्यूटिया. कमळाच्या पानाचा देठ पानाच्या मधोमध जोडलेला असतो आणि पान सलग गोल असतं, त्याला खाच नसते. पाणलिलीच्या पानाला कडेपासून आत खोल चीर असते, देठ त्या चिरेच्या टोकाशी येतो. पत्त्यातल्या बदामासारखा आकार दिसतो तो या चिरेमुळेच. आपल्या कुमुदाचं पान असंच चिरलेलं असतं आणि न्यूफार त्याच कुळातली. म्हणून 'कुमुदपर्ण' चपखल बसतो. पहिल्या उल्लेखात मूळ शब्दही द्यावा.

पुरवणी
वर्णन असं करता येईल: 'चार निळे व तीन पांढरे तिरपे पट्टे; पांढऱ्या पट्ट्यांत दोन, तीन, दोन अशी सात लाल कुमुदपर्णे.' प्रांतिक सभेने हा झेंडा १९५७ मध्ये मान्य केला. सात हा आकडा मध्ययुगातल्या सात फ्रिजियन सागरी प्रदेशांचा. पानं पांढऱ्यावरच का? ढालशास्त्रात, म्हणजे अशा चिन्हांच्या शास्त्रात, सोनेरी (झेंड्यावर पिवळा) आणि रुपेरी (झेंड्यावर पांढरा) हे 'धातू', बाकीचे 'रंग'. रंगावर रंग ठेवायचा नाही, लांबून ओळखू येत नाही. निळ्यावर लाल काढलं की हा नियम मोडतो.

दुसरं मत
'बदाम' अगदीच टाकाऊ नाही. डेन्मार्कच्या राजचिन्हात तीन सिंह आणि नऊ लाल आकृत्या आहेत. त्याही मुळात पाणपानंच, पण लोक त्यांना सर्रास हृदय म्हणतात. १९७२ च्या राजाज्ञेत मात्र शब्द 'पाणपानं' असाच आहे. तेव्हा लोकांच्या बोलण्याचा उतारा देताना बदाम चालेल, अधिकृत वर्णनात नाही.

गावांच्या ढालींबद्दल
इथे खरी गफलत उजव्या-डाव्याची होते. ढालीची उजवी बाजू म्हणजे ती धरणाऱ्याची उजवी, बघणाऱ्याला ती डावीकडे दिसते. फ्रिजियन ढालींत वारंवार येणारा अर्धा काळा गरुड सोनेरी भूमीवर (पार्श्वभूमीवर), या उजव्या अर्ध्यात असतो. चित्र बघून 'डावीकडे गरुड' लिहिलं, तर त्यावरून ढाल काढणारा तो उलट्या बाजूला काढतो. सुरुवातीलाच 'बाजू धारकाच्या' अशी टीप टाका.

क्रम पाळा: आधी भूमीचा रंग, मग आकृतींची संख्या, मग आकृती, शेवटी तिचा रंग. उदाहरणार्थ, 'निळ्या भूमीवर तीन क्लोव्हरची पाने, सोनेरी'. क्लोव्हर ही तीन-तीन पानांची वनस्पती; तिला 'बेलपान' म्हणू नये, मराठी वाचकाला लगेच शंकराची पिंड आठवते. 'लसूणघास'ही नको, ते वेगळं चाऱ्याचं पीक. 'क्लोव्हर' ठेवा किंवा 'त्रिदल' लिहा.

'राजमुद्रा' गावाला लावू नका. मुद्रा म्हणजे उमटवायचा शिक्का, शिवाय हे चिन्ह राजाचं नाही, गावाचं. 'गावचिन्ह' पुरतं.

आणखी एक
ढालीवरचा 'रुपेरी' झेंड्याच्या कापडावर पांढरा होतो, 'सोनेरी' पिवळा. ढालीच्या वर्णनात धातूची नावं, झेंड्याच्या वर्णनात कापडाचे रंग लिहा. एकाच वाक्यात दोन्ही मिसळले, की शिंपी चकचकीत कापड शोधत बसतो.