मदत हवी आहे : मेडिकल बिलिंगसाठी अमेरिकेतले क्लायंट कसे मिळवायचे?

नमस्कार मंडळी. ऐरोलीत नऊ वर्षं नाइट शिफ्टमध्ये एआर कॉलिंग (दवाखान्यांच्या थकलेल्या बिलांसाठी अमेरिकेतल्या विमा कंपन्यांना फोन करणं) केल्यावर गेल्या वर्षी दोन मैत्रिणींसोबत घणसोलीत स्वतःचं काम सुरू केलं. सध्या क्लायंट एकच, न्यू जर्सीतलं एक छोटं फिजिओथेरपी क्लिनिक.

कामाची खात्री आहे. त्यांचे मेडिकेअरचे (तिथल्या सरकारी आरोग्य विम्याचे) कितीतरी क्लेम फक्त जीपी मॉडिफायर, म्हणजे उपचार फिजिओथेरपीचा आहे हे सांगणारा कोड, लावला नाही म्हणून परत येत होते. आम्ही एकेक उघडून दुरुस्त केले आणि पुन्हा पाठवले. मेडिकेअरला उपचाराच्या तारखेपासून १२ महिन्यांत क्लेम जावा लागतो, नाहीतर पैसे बुडालेच. त्यामुळे जुने आधी काढले. पहिला जमा झाला त्या पहाटे तिघींच्या डोळ्यांत पाणी होतं.

अडतंय ते पुढचा क्लायंट मिळवण्यात. ईमेलला उत्तर येत नाही. फोन रिसेप्शनच्या पुढे जात नाही. एका एजंटने लीड देतो म्हणून ४० हजार आगाऊ घेतले, यादीतले निम्मे नंबर बंद निघाले. तेव्हा कुणी आगाऊ मागत असेल तर जपून.

ठाण्या-नवी मुंबईत कुणी हे करतंय का? पहिले तीन-चार क्लायंट कसे मिळाले? थकलेल्या क्लेमची तपासणी फुकट करून द्यावी का? पण हिपाच्या (रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेचा अमेरिकन कायदा) नियमांमुळे करार झाल्याशिवाय रुग्णांची माहिती बघता येत नाही, मग आधी विश्वास बसवायचा कसा? दर वसुलीच्या टक्क्यांत सांगावा की क्लेममागे? मोठ्या कंपनीचं सबकॉन्ट्रॅक्टही चालेल. कुणी अनुभवी भेटायला तयार असेल तर मी ठाणे स्टेशनला येईन.